ओल्या फिल्मवरची फुंकर

चिंचणीच्या एका कोळी बाईची गोष्ट मी बोईसरच्या लग्नकार्यांत कितीदा तरी सांगितली, पण लोकांना हसवण्यापुरती. उरलेली आज लिहितो.

ऐंशीच्या दशकात मी मुंबईच्या एका इस्पितळात एक्स-रे काढायचो. तिच्या नवऱ्याच्या मेंदूतल्या शिरेची भिंत पातळ होऊन तिथे फुगा आला होता. ऑपरेशन चालू असतानाच शिरांचं जाळं फोटोत उठून दिसावं म्हणून त्यांत औषध सोडून आम्ही फोटो काढला. डॉक्टरांनी पाहिलेली ओली फिल्म मी सुकवायला नेत होतो, तर बाहेर तिने अडवलं. फिल्म खिडकीच्या उजेडात धरायला लावली आणि फाटकं जाळं तपासावं तशी निरखली.

"एवढं जाळं हाय डोक्यात, आन मी सांगितलेलं एक काम त्यात अडकत नाय!"

लोक इथे हसायचे आणि मी थांबायचो.

मग तिने विचारलं होतं, "दादा, दुकतंय ते कुठं?"

फुगा फुटू नये म्हणून डॉक्टरांनी त्याच्या तोंडाशी चिमटा लावला होता, ती जागा मी दाखवली. फिल्मला बोट न लावता ती वाकली, आणि पोराच्या खरचटलेल्या गुडघ्यावर घालावी तशी तिथे हळू फुंकर घालू लागली.

"आता फुटायचा नाय ना?"

मला ठाऊक नव्हतं. हात भरून आले, तरी तिची फुंकर थांबेपर्यंत मी फिल्म तशीच धरून उभा राहिलो.