पालिकेच्या भिंतीवरची यादी

१२ मार्च. आईचा मृत्यूचा दाखला आणायला नगरपालिकेत गेले. रांगेशेजारच्या भिंतीवर निराधार महिलांच्या पेन्शनची यादी चिकटवली होती. नाव, विधवा की नवऱ्याने टाकलेली, पत्ता, मोबाइल. एक माणूस ओळीओळीवर बोट ठेवून ती वाचत होता.

त्या यादीत आमच्याकडे स्वयंपाक करणारी वनिताही होती. मारकुट्या नवऱ्यापासून लपून ती चार वर्षं आमच्या गावात राहते आहे.

"ही यादी आधी काढा," मी खिडकीतल्या कारकुनाला म्हटलं.

"मॅडम, पारदर्शकता आहे. लावावीच लागते."

"आणि आमच्या गटाराच्या कामाची फाइल मागितली, तेव्हा?"

"ती गोपनीय. तुम्ही अपिलात जा की!"

रांगेत कोणीतरी हसलं.

माहितीचा अधिकार आपल्याला मिळाला तो कार्यालयांवर नजर ठेवायला. प्रत्यक्षात कार्यालयाचं सगळं कपाटात राहतं आणि जिला लपण्यावाचून गत्यंतर नाही, तिचा पत्ता भिंतीवर लागतो. हे कोणी मुद्दाम करत नाही. म्हणूनच ते कधी थांबेल असं मला वाटत नाही.

संध्याकाळी वनिताला सांगितलं. "त्याचा फोन परवाच आला, ताई," ती म्हणाली आणि कणीक मळत राहिली.

१३ मार्च. सकाळी मी तिची भांडी रिक्षात चढवू लागले. पेन्शन हवी तर नवा पत्ता तिला पालिकेत द्यावाच लागेल. मी तो विचारला नाही.