उन्हावर जगणारी गोगलगाय

पुण्याहून कोरमंगलात येऊन त्रिविक्रमला नऊ वर्षं झाली, पण त्याचं बोलणं शेवटपर्यंत ऐकून घेणारा माणूस काही या शहरात भेटला नाही. ऑफिसात मीटिंग संपायची, ऑटोत सिग्नल सुटायचा, घरी बायकोला नेमका फोन यायचा. म्हणून त्याने समुद्री गोगलगाय आणली.

बिनशंखाची, बोटभर, हिरवीगार, कडांना कोबीसारख्या चुण्या. ती शेवाळातलं हरितद्रव्य अंगात साठवते आणि उन्हावर दिवस काढते, एवढं त्याने वाचलं आणि अर्ध्या हळकुंडाने पिवळा झाला. मराठी मंडळाच्या दहा जणांना रविवारी घरी बोलावून व्याख्यानही ठरवलं. विषय: ‘अन्नावाचून जीवन’.

लोक येणार म्हणजे गोगलगायीची काचेची टाकी लख्ख हवी. पंधरा दिवस आधीच त्याने विठाबाईंकडून काचा घासून घेतल्या आणि शेवाळलेले दगड टाकून द्यायला सांगितले. विठाबाई निपाणीकडच्या. नऊ वर्षं घरकामाला येत होत्या; सकाळी सातपासून दुपारपर्यंत हे घर त्याच ओढायच्या.

शनिवारी गोगलगाय पिवळी पडून तळाशी बसली. त्रिविक्रमच्या तोंडचं पाणी पळालं. मेलेली गोगलगाय दाखवून कसलं व्याख्यान देणार?

“सर, स्वल्प खायला घाला की तिला,” विठाबाई म्हणाल्या.

“तिला लागत नाही हो. ऊन पुरतं.” त्याने दिवा टाकीजवळ सरकवला.

“उन्हावर कोण जगतंय, सर?”

या घरात विठाबाईंना कधी कुणी चहासुद्धा विचारला नव्हता. त्रिविक्रमच्या ते ध्यानातही आलं नव्हतं.

रविवारी चमत्कार झाला. तो बोलत होता आणि एकही माणूस मोबाइलमध्ये बघत नव्हता. सगळे टाकीकडे डोळे लावून बसले होते. त्याचा ऊर भरून आला. “या जिवाला अन्न लागतच नाही!”

“अहो, पण ती खातेय,” मंडळाच्या आश्लेषाताई म्हणाल्या.

त्याने वळून पाहिलं. टाकीत शेवाळलेला दगड होता आणि गोगलगाय त्यावर तुटून पडली होती.

“मीच ठेवला, सर,” विठाबाई दारातून म्हणाल्या. “टाकले न्हवते दगड. टाकीतल्याच पाण्यात, गॅलरीत बादलीत होते. उपाशी बघवंना.”

हशा पिकला आणि मंडळी बटाटेवड्यांकडे वळली. व्याख्यान अर्ध्यावरच राहिलं. सगळे गेल्यावर ताटात दोन वडे उरले होते. बराच वेळ टाकीकडे बघत बसलेल्या त्रिविक्रमने नऊ वर्षांत पहिल्यांदाच विचारलं, “विठाबाई, तुम्ही काही खाल्लंत का?”

“न्हाई सर,” भांडी घासता घासता त्या म्हणाल्या. “आज ऊन कुठं पडलंय?”