गॅलरीतल्या मायाळूची भजी

फणसवाडीतल्या आमच्या चाळीत आईने गॅलरीच्या कठड्यावर मायाळूचा वेल चढवला होता. तुपाच्या रिकाम्या डब्यात लावलेला, जांभळ्या देठांचा. शेजारच्या काकू त्याला ‘तुमची बाग’ म्हणत. मी इंग्रजी शाळेत शिकलेली, चारचौघांत फारशी न बोलणारी, म्हणून मला ‘मडम’ म्हणत. त्यात गंमत किती आणि टोमणा किती, हे मला कधी ठरवता आलं नाही.

संयुक्त महाराष्ट्राच्या सत्याग्रहात चाळीतल्या काही बायका गेल्या, त्यांत आईही होती. वाण्याशीसुद्धा खालच्या आवाजात बोलणारी माझी आई. सगळ्यांना अटक झाली. त्या सुटून येणार असल्याचा निरोप आला, त्या दिवशी नेमका हरताळ होता. बाजार बंद. तरी चाळीत ठरलं, की येणाऱ्या प्रत्येकीच्या घरून एकेक ताट खाली चौकात यायचं आणि सगळ्यांनी मिळून खायचं.

काकू आमच्या दारात आल्या. “तुमचं ताट मीच लावते हो. घरात बटाटा नाही, कांदा नाही. आणि आमची मडम काय करणार, पुडिंग?”

मी एरवी हसून आत गेले असते. पण आई इतक्या दिवसांनी घरी येणार आणि तिच्या नावाचं ताट दुसऱ्याच्या घरून जाणार, हे मला सोसेना.

“नको काकू. आईचं ताट आमच्याच घरून येईल.”

“बरं बाई, बघू तरी!” म्हणत त्या उंबऱ्यावरच बसल्या.

मी तोवर कधी काही तळलं नव्हतं. आईला तळताना मात्र दाराशी उभी राहून पुष्कळदा पाहिलं होतं. मायाळूला सुरी लावायची नाही. चिरला की बुळबुळीत होतो. मी पानं देठासकट खुडली, धुतली आणि एकेक पान फडक्याने टिपलं, कारण ओल्या पानावर पीठ धरत नाही. डाळीच्या पिठात थोडं तांदळाचं पीठ, ओवा, तिखट, हळद, मीठ आणि वर कडकडीत तेलाचं मोहन. पहिलं पान कढईत सोडलं, ते तळाशी जाऊन बसलं.

“बुडाली हो होडी!” काकू म्हणाल्या.

स्टो मंदावला होता. मी पंप मारला आणि तेल पुन्हा तापायची वाट पाहिली. दुसरं पान देठाला धरून पिठात बुडवलं, निथळू दिलं, सोडलं. ते टम्म फुगून वर आलं. मग सगळीच येत गेली. काकूंनी उठून झारा माझ्या हाताशी सरकवून दिला.

संध्याकाळी आई आली. घोषणा देऊन तिचा आवाज पार बसला होता. चौकात बसून तिने एक भजं उचललं, देठापर्यंत खाल्लं आणि घरी ठेवते तसा देठ ताटाच्या कडेला ठेवला. मग वर गॅलरीतल्या बोडक्या वेलाकडे पाहिलं.

“शेंडे ठेवलेस ना?”

“ठेवलेत.”

तिने मान हलवली. ताट उचलून काकूंपुढे धरलं आणि त्या बसक्या आवाजात, सगळ्या चौकाला ऐकू जाईल असं म्हणाली, “घ्या ना, आमच्या घरची आहेत.”