शब्दन् शब्द वाचणारा

ऑफिसात तिला सगळे मास्तरीणबाई म्हणत. तोंडावरही म्हणत, आणि तिची त्याला काही हरकत नव्हती. कंपनी जी टूल्स बनवायची, ती कशी चालवायची हे पायरीपायरीनं लिहून ठेवायचं, हे तिचं काम. निम्मं आयुष्य तिनं त्यात घातलं आणि तिचं लिहिलेलं कुणी धड वाचलं नाही. अडलं की लोक सरळ तिच्या टेबलाशी यायचे. "लिहिलंय की सगळं," ती म्हणायची. "तुम्हीच सांगा ना, पटकन होईल," ते म्हणायचे. घसा कोरडा करून ती सांगायचीही, पण मनातून खट्टू व्हायची.

म्हणून साहेबांनी नवं काम दिलं तेव्हा तिला गुदगुल्याच झाल्या. टूल साधं होतं. एक यूजरनेम द्यायचं, की त्या नावानं इंटरनेटवर कुठंकुठं खाती आहेत ते शोधून मिळायचं. पण ते माणसं चालवणार नव्हती. एआय एजंट चालवणार होते, म्हणजे माणसानं सांगितलेलं काम परस्पर उरकून देणारे प्रोग्राम.

"तुम्ही लिहाल तो शब्दन् शब्द वाचतात," साहेब म्हणाले, "आणि तसंच्या तसं करतात."

"कंटाळत नाहीत?"

"छे."

असा वाचक मिळाल्यावर कुणीही जीव ओतून लिहील. तिनंही लिहिलं. फक्त एका जागी गाडी अडली. नाव सापडलंच नाही तर एजंटानं काय करायचं? दोन दिवस डोकं खाजवल्यावर तिला धाकटी बहीण आठवली.

धाकटी नवऱ्याच्या माराला कंटाळून नेसत्या वस्त्रांनिशी निघाली होती. दुसऱ्या शहरात पडदे शिवायच्या दुकानात कामाला लागली, जुनी खाती सगळी बंद केली. पत्ता एकट्या ताईला ठाऊक. पण माणूस किती दिवस तोंड मिटून जगणार? तिला कुंड्यांची भारी हौस. झाडं लावणाऱ्यांच्या एका साइटवर तिनं गुपचूप खातं उघडलं. आणि नाव काय घेतलं, तर लहानपणीच्या मांजरीचं, पुढे माहेरच्या घराचा नंबर. ऐकून ताईनं कपाळावर हात मारला होता.

"अगं, दुसरं काही सुचलं नाही तुला?"

"ढमी कुणाला आठवतेय आता, ताई? एवढं तरी माझं असू दे."

ते आठवून मास्तरीणबाईंनी लिहिलं: माणसं जुनं सगळं टाकतात, पण एखादं लाडकं नाव जवळ ठेवतात. नाव सापडलं नाही तर शोधणाऱ्याला विचारा, त्या व्यक्तीनं लहानपणी एखादं जनावर पाळलं होतं का, जुन्या घराचा नंबर काय होता. ते जोडून पुन्हा शोधा.

बहिणीचा उल्लेख अर्थातच कुठं नव्हता. लिहिताना तिच्या डोळ्यांसमोर एकमेकींना शोधणाऱ्या शाळेतल्या मैत्रिणी होत्या. साहेबांनी मीटिंगमध्ये तेवढा भाग मोठ्यानं वाचून दाखवला आणि बाई चक्क लाजल्या. शोधणारा कोण, त्याला ते माणूस कशाला हवंय, हे आधी बघा, अशी एक ओळ मात्र त्यात नव्हती. माणसांसाठी लिहिताना असलं काही लिहावं लागत नाही, तेवढं ज्याचं त्याला कळतं असं आपण धरून चालतो. ती सवय तिला नडली.

टूल वापरात आल्यावर काही दिवसांनी भर कामाच्या वेळी धाकटीचा फोन आला. ती अशा वेळी कधी करत नसे.

"ताई, त्याचा मेसेज आलाय. त्या झाडांच्या खात्यावर."

"काय म्हणतो?"

"कुंड्या छान आहेत म्हणतो. समोरची बेकरीसुद्धा. फोटोत पाटी आलीय बेकरीची. माझीच चूक ती. पण हे नाव त्याला सापडलं कसं? ढमीचं मी एकदाच कधीतरी बोलले असेन. त्यानं लिहिलंय, मी तर विसरूनच गेलो होतो, मशीननंच विचारलं, लहानपणी एखादं जनावर पाळलं होतं का, जुन्या घराचा नंबर काय. ताई, हे असं विचारायचं मशीनला कुणी शिकवलं?"

आजकाल मशीनला सगळंच कळतं, असं मास्तरीणबाईंना म्हणता आलं असतं. धाकटीनं त्यावर विश्वासही ठेवला असता.

"मी," ती म्हणाली. "कामासाठी लिहिलं. तुझं नाव नाही घातलं, पण तुझ्यावरूनच लिहिलं."

पलीकडे कपाट उघडल्याचा आवाज आला, बॅगेची चेन ओढल्याचा आला.

"माझ्याकडे ये तू. आत्ता नीघ."

"तुझं घर त्याला पाठ आहे, ताई."

"मग जाशील तिथून कळव. नवा नंबर, नवं नाव, जे काय असेल ते."

"नाही." धाकटीच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर ताईला बरं वाटलं असतं. "या खेपेला तुलाही नाही सांगणार."