कुंकवानं रुतलेलं बटण

संस्थेच्या माणसानं माझं मनगट धरलं आणि हात उचलून मशीनवर ठेवला. "आजी, हसा. फोटो आहे."

मी हसले नाही. बोटांना झेंडूच्या पाकळ्या लागल्या, मग ओलं कुंकू. संगणकाची पूजा केली होती. नारळ फोडून पाणी बटणांवर शिंपडलं होतं. वीज जोडलीच नव्हती.

आंधळ्यांना संगणक वाटप. आम्ही अकराजण रांगेत, अंगावर शाली. मी विचारलं, "हे बोलतं का? मला दिसत न्हाय. बोललं तरच उपेग."

संस्थेचे सचिव माइकवरच म्हणाले, "आजी, तुम्ही बोलता तेवढं पुरे की!"

हॉल हसला. टाळ्यासुद्धा पडल्या.

माझं शिक्षण चौथी. सोलापुरात टॉवेलच्या कारखान्यात सुताच्या कांड्या भरण्यात जन्म गेला, म्हातारपणी काचबिंदूनं डोळे नेले. मला शाल नको होती. मला वाचायचं होतं. पेपर, आलेलं पत्र, काहीही. कुणाची मिनतवारी न करता.

घरी मशीन मुकं. संस्थेत फोन केला. तिथल्या बाई म्हणाल्या, "डोळस माणूस बसवा की शेजारी. आणि महिन्यानं पाहणी आहे. वापर दिसला नाही तर परत नेऊ."

मग नातेपुत्याच्या माझ्या मैत्रिणीला, विमलला फोन लावला. ती जन्मापासून आंधळी. टेलिफोनवर नोकरी केलेली, तोंडानं फटकळ. म्हणाली, "रडू नगंस. विंडोजच्या जागी लिनक्स टाक. फुकट असतंय, आन् टाकतानाच बोलतंय." तिनं ते भरलेला पेनड्राइव्ह एसटीनं पाठवला.

"पेनड्राइव्ह लाव, मशीन सुरू कर. बीप वाजला की एस दाब, मग एंटर. एफवर उंचवटा असतोय, तितनं डावीकडं दुसरं बटन."

बीप वाजला. दाबलं. शांतता. तीनदा तेच.

विमल फोनवर ओरडली, "म्हातारे, बटन दाबतीस का गोंजारतीस?"

मी चाचपलं. एस खाली रुतून बसलं होतं. कुंकू आणि नारळाचं पाणी आत वाळून घट्ट झालं होतं. त्यांच्या पूजेनंच मशीनची वाचा बसली होती.

चमच्याच्या दांड्यानं बटण उपटलं. धुतलं. खाच ओल्या फडक्यानं पुसली. सगळं वाळल्यावर बटण दाबून बसवलं. बीप. एस. एंटर.

मशीन बोललं. पत्र्याच्या डब्यातून बोलल्यागत, आणि इंग्रजीत. फोन त्याच्याजवळ धरला. विमल ऐकायची, मराठीत सांगायची, मी ती सांगेल तो आकडा दाबायची. एका जागी ती म्हणाली, "जुनं समदं पुसू का, इचारतंय."

"पुस म्हणावं. त्येंचं काय बी ठिवायचं न्हाय."

संध्याकाळपर्यंत मराठी आवाजही लागला. मी क दाबला, मशीन क म्हणालं. रडले नाही. पुढचं अक्षर दाबलं.

महिन्यानं सचिव आले. "अरे वा, चालू आहे! कुणी करून दिलं?"

"मी."

"आजी, थापा नका मारू." हसले. कागद सळसळला, शाईच्या डबीचं झाकण वाजलं आणि त्यांनी माझा अंगठा धरला.

मी हात हिसडला. "आदी कागद वाचा."

त्यांनी वाचलं. "संस्थेने बोलणारा संगणक दिला व तीन महिने प्रशिक्षण दिले."

"मशीन यिऊन म्हैना झाला. तीन कुटनं आले? खोटं हाय. आन् मला सही येती."

"अंगठा नाही, तर संगणक नाही."

"न्या."

नेला. जिना उतरताना त्यांच्या सोबतची बाई म्हणाली, "यांना द्यायलाच नको असतं."

हे मी नातेपुत्यात, विमलच्या मशीनवर बसून लिहिलं आहे. सोमवारी सोलापूरला परत जाणार. बाकीच्या दहाजणांची घरं शोधणार, एकेकाचं मशीन बोलतं करणार. ज्यांचे अंगठे घेतले असतील, त्यांनी खरं काय घडलं ते स्वतःच्या बोटांनी लिहायचं. मी कुणाला लिहून देणार नाही. शिकवीन. लिहिता येईपर्यंत त्यांच्या दारातून उठणार नाही.