उफराट्या आत्याचा आलेख

चार माणसं एका सुरात मान हलवू लागली की आमच्या आत्याची मान आपोआप आडवी हलायची. वडील तिला पाठीमागे उफराटी म्हणत. शाळेत गणित शिकवून ती निवृत्त झाली आणि फंडाचे पैसे तिने शेअर बाजारात घातले. त्यातून तिला स्वतःच्या दोन खोल्या घ्यायच्या होत्या. आयुष्य भावाच्या घरात गेलं होतं. मी सुचवलं, पैसे माझ्या फ्लॅटला दे, एक खोली तुझीच. "म्हणजे भाऊ सुटला, भाचा लागला," ती म्हणाली. विषय संपला.

कॉलेज रोडवरच्या दलालाच्या ऑफिसात ती रोज पुढच्या खुर्चीत बसे. बाकी सगळे पुरुष. मीही त्यातलाच, साहेबांना दाढदुखीचं कारण सांगून आलेला. एका जाडजूड गृहस्थांनी विचारलं, "बाई, मेथीचा भाव बघायला आलात का?"

"मेथी मंडईत बघते. इथे तुमचे चेहरे बघते."

चेहऱ्यांहून तिचा भरवसा एका आकड्यावर. बाजार पडेल असं वाटणारे 'पुट' नावाचे सौदे घेतात, चढेल असं वाटणारे 'कॉल' नावाचे. ती पुटांच्या आकड्याला कॉलच्या आकड्याने भागायची आणि शाळेच्या आलेखवहीत टिंब द्यायची. टिंब फार वर गेलं की लोक घाबरलेले, म्हणजे खरेदी. फार खाली आलं की लोक माजलेले, म्हणजे विक्री. "पण हे पंचांग नव्हे हं! गर्दी कुठे उभी आहे, एवढंच कळतं. वर्गात सगळे हात एकदम वर आले, की मी आधी माझाच प्रश्न तपासायचे."

२००६च्या उन्हाळ्यात बाजार कोसळला. टिंब वहीच्या वरच्या कडेला टेकलं. वडील स्कूटर हाणत ऑफिसात आले. "ताई, वीक सगळं! घर गेलं, निदान म्हातारपण तरी वाचव."

आत्याने त्यांच्यादेखत सौदे टाकणाऱ्या ऑपरेटरला सांगितलं, "उरलेल्या पैशाचेही शेअर घ्या."

वडील महिनाभर बोलले नाहीत. मी वडिलांच्या बाजूने. माझे शेअर मी त्याच सकाळी, अगदी तळाला, विकले होते.

मग बाजार चढतच गेला. आता पहिला चहा बाईंना. ती घेईल ते सगळे घ्यायचे. 'माझी आत्या' म्हणून मीही मिरवायचो. पुढच्या वर्षीच्या डिसेंबरात मात्र एका दुपारी तिने वही मिटली. "माझं सगळं विका."

"आत्ता?" मेथीवाले ओरडले. "अहो, तुमच्या भरवशावर आम्ही कॉल घेऊन बसलोय!"

"तेच तर. अख्खं ऑफिस माझ्या मताचं झालंय. म्हणजे मी चुकत असणार."

सगळे हसले. सर्वांत मोठ्याने मी. "चल, ऊठ," ती मला म्हणाली. मी म्हणालो, "आत्या, अजून एक महिना." ती वाद न घालता जिना उतरली.

तो महिना काही बाजाराने मला दिला नाही; त्याआधीच कोसळला. जानेवारीत आत्याच्या जेल रोडवरच्या दोन खोल्यांत मी तोंड पाडून तिच्या ट्रंका चढवत होतो. दारात वडिलांनी शेवटचा प्रयत्न केला. "ताई, भाऊ असताना एकटी राहणार? लोक काय म्हणतील?"

"सगळे एकच म्हणताहेत ना?"

"सगळे!"

"मग बरोबर चाललंय," आत्या म्हणाली, आणि पदर खोचून तिने गॅस पेटवला.