तिच्यासमोर नाही

नेरच्या बसस्टँडमागचा मिस्त्री गाडीचे दोष कधीच गाडीसमोर सांगत नसे. मी माझी सेकंडहँड छोटी एसयूव्ही नेली, की तो बॉनेट उघडून बघायचा, हात पुसायचा आणि मला पार लिंबाखाली न्यायचा. "तिच्यासमोर कायले बोलाचं? क्लचप्लेट गेली. रेडिएटरबी गळून राह्यला." मी हसायचो, पण माझाही आवाज आपोआप खाली यायचा.

बोंडअळीनं कापूस खाल्ला, तसा माझा बियाण्यांचा धंदा बसला आणि गाडी विकायला काढावी लागली. उमरखेडहून एक गिऱ्हाईक आलं. मिस्त्रीनं त्यालाही लिंबाखाली नेलं. हा आता सगळं सांगणार, या धास्तीनं मी घामाघूम. त्यानं सांगितलंच. तरी त्या माणसानं गाडी घेतली. म्हणे, एवढं खरं कोण सांगते?

गाडी निघाली. मिस्त्री रस्त्यावर कान देऊन उभा राहिला. दुसरा गिअर पडला, तिसरा पडला, मग आवाज विरला.

"लय गुणाची होती, साहेब," तो म्हणाला. "हे तं तिच्यासमोर सांगाले पाह्यजे होतं."